उबेहेबेच्या तळाशी

गेली बावीस वर्षे मी भूशास्त्र शिकवतो आणि दर हिवाळ्यात पदवीच्या मुलांना घेऊन लोणारला जातो. सरोवराच्या काठावर उभे राहिले की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, सगळीकडे बेसाल्टच आहे, मग हा ज्वालामुखी का नाही?’ प्रश्न रास्त आहे, कारण बेसाल्ट हा लाव्हा थंड होऊन झालेला खडक आणि जुन्या अभ्यासकांनीही लोणारला ज्वालामुखीचे मुख मानले होते. अशनीच्या आघातानेच घडणारी मॅस्केलिनाइट नावाची काच तिथे सापडल्याचे 1973 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तो वाद जवळजवळ मिटला. मात्र खरोखर ज्वालामुखीच्या स्फोटातून झालेले विवर मी स्वतः कधी पाहिले नव्हते.

ती संधी दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मिळाली. एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने तीन संशोधक विद्यार्थ्यांसह मी अमेरिकेत होतो. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यातल्या राष्ट्रीय उद्यानात चार दिवस फिरण्यासाठी आम्ही कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली होती, कारण झोपणे, स्वयंपाक आणि पाण्याची टाकी हे सगळे एकाच गाडीत मिळत होते. खोऱ्याच्या उत्तर टोकाला उबेहेबे हे विवर आहे. ते सुमारे आठशे मीटर रुंद आणि एकशे ऐंशी मीटर खोल आहे. तिथल्या टिंबिशा शोशोनी लोकांच्या भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘कोयोटची टोपली’ असा होतो. लोणारला लवणासुर आहे, इथे कोल्ह्याच्या जातीचा कोयोट. एवढा मोठा खड्डा पाहून माणसाला त्याचा कर्ता कोण असा प्रश्न पडतोच.

गाडी काठावर उभी केली आणि एका विद्यार्थ्याने सरकते दार न उघडता पुढचे दार उघडले. वाऱ्याने ते त्याच्या हातातून असे हिसकावले की बिजागरी वाकली आणि दार पुढच्या पत्र्यावर जाऊन आदळले. उरलेला प्रवास ते दोरीने बांधून करावा लागला. भाड्याच्या करारात वाऱ्याने झालेल्या नुकसानीला विमा लागू नसल्याचे बारीक अक्षरांत लिहिले होते, हे मला नंतर कळले. या दाराच्या गोंधळात माझे दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष गेले नाही आणि ती अधिक गंभीर होती.

काठावरून पाहिले तर समोरच्या भिंतीत नारिंगी-तपकिरी रंगाचे जुन्या गाळाचे आणि गोट्यांचे थर दिसतात आणि त्यांच्यावर काळ्या राखेची व खडीची चादर पसरलेली असते. इथे लाव्हा वाहिला म्हणून खड्डा पडलेला नाही. वर चढणाऱ्या बेसाल्टी शिलारसाला जमिनीखालचे पाणी भेटले आणि त्या पाण्याची क्षणार्धात वाफ झाली. हवेच्या सामान्य दाबाला पाण्याची वाफ होताना आकारमान हजार पटींहून अधिक वाढते. इथे ती वाफ खडकांत कोंडलेली होती. तिने वरचे सगळे उडवून दिले. हा स्फोट केव्हा झाला यावर मतभेद होते. 2012 च्या सुमाराच्या एका अभ्यासाने तो सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा ठरवला, तर पुढच्या अभ्यासाने ते वय एकवीसशे वर्षांपर्यंत मागे नेले. वर्षाला जेमतेम दोन इंच पाऊस पडणाऱ्या खोऱ्यात पाण्याने केलेला हा खड्डा आहे, हे मी मुलांना मोठ्या उत्साहाने सांगत होतो.

उतरायला दहा मिनिटे लागली. पाय टाकला की खडी आपल्याला घेऊनच खाली घसरते. तळाशी मराठवाड्यातल्या आटलेल्या तलावासारखा तडकलेला, फिकट चिखल होता. तिथे वारा जवळजवळ नव्हता आणि ऊन थेट डोक्यावर होते.

परत निघालो तेव्हा दोन पावले वर गेले की एक पाऊल खाली, असे सुरू झाले. अर्ध्यावर एक मुलगा खाली बसला. मी पाणी पी म्हणालो, तर त्याने बाटली गाडीतच राहिल्याचे सांगितले. उतरायचेच तर आहे, म्हणून त्याने ती घेतली नव्हती. निघताना बाटल्या मोजणे माझे काम होते आणि मी दाराची बिजागरी पाहत बसलो होतो. त्याचे डोके दुखत होते, पोटऱ्यांत गोळे येत होते आणि त्या उन्हात त्याच्या हातावर काटा उभा राहिला होता. ‘सर, थंडी वाजतेय,’ हे त्याचे शब्द ऐकून मी खरोखर घाबरलो. फोनला रेंज नव्हती. आम्ही त्याला एका घळीच्या सावलीत नेले, ओला रुमाल मानेवर ठेवला, उरलेल्या दीड लिटरपैकी एका बाटलीत सकाळच्या कॉफीबरोबर मिळालेल्या साखरेच्या आणि न्याहारीतल्या मिठाच्या पुड्या मिसळल्या आणि घोटघोट पाजत राहिलो. अर्ध्या तासाने त्याचे बोलणे ताळ्यावर आले. काठावर पोहोचायला एकूण दीड तास लागला आणि शेवटच्या टप्प्यात मी त्याच्या मागे, दोन्ही हात पुढे धरून चाललो.

संध्याकाळी आम्ही जवळच्या मेस्किट स्प्रिंगच्या कॅम्पिंगच्या जागी मुक्काम केला. उद्यानातून दगड नेण्यास मनाई आहे, म्हणून दिवसभरात आम्ही एकही नमुना खिशात घातला नव्हता. पण बूट उलटे केले तेव्हा प्रत्येकाच्या बुटातून मूठभर काळी खडी बाहेर पडली. तोच मुलगा आता नळावर सगळ्यांच्या बाटल्या भरून परतला होता. त्याने जमिनीवरचा एक बोराएवढा खडा उचलला, भिंगातून त्याची छिद्रे पाहिली आणि तरंगतो का ते बघू म्हणून पाण्याच्या मगात सोडला. खडा बारीक बुडबुडे सोडत सावकाश तळाशी गेला. नंतर त्याने तो मग तिथल्याच वाळूत उपडा केला.