टॉक शोमधली पत्त्यांची जादू आणि हक्कांचा रकाना : माझा अनुभव

रात्री उशिरा प्रसारित होणाऱ्या एका टॉक शोमध्ये पत्त्यांची जादू सादर करण्याची संधी मला मिळाली आणि ती उत्तम पार पडली, याचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही त्या सगळ्या खटाटोपाची आठवण काढली की डोळ्यांपुढे प्रथम येतो तो क्लिअरन्स विभागाच्या, म्हणजे प्रसारणाआधी हक्क आणि परवानग्या तपासणाऱ्या विभागाच्या, अर्जातला एक रकाना, आणि त्या विभागाबद्दलची माझी चीड अजून पुरती शमलेली नाही. ज्या जादूगारांना पुढेमागे असे बोलावणे येईल त्यांना निदान त्या रकान्यात अडकून पडावे लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निवडीबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. चित्रफीत पाठवली, पाहुण्यांची जबाबदारी सांभाळणाऱ्या निर्मात्याने ती पाहिली, व्हिडिओ कॉलवर प्रयोग करून दाखवला आणि होकार आला. प्रयोग ठरला तो असा : सूत्रसंचालकाने एक पान काढून त्यावर सही करायची, ते पान कॅटच्या मधोमध घालायचे आणि ते दर वेळी सर्वांत वर यायचे, शेवटी मात्र ते कॅटमधून नाहीसे होऊन त्यांच्याच टेबलावरच्या कपाखाली सापडायचे. टॉक शोच्या टेबलावर कप असतोच आणि प्रेक्षक तो रोज पाहत असतात, त्यामुळे त्याच्याकडे कोणी संशयाने बघत नाही. अशा कार्यक्रमात घर सूत्रसंचालकाचे असते आणि जादूगार पाहुणा असतो, हे ध्यानात ठेवून प्रयोग निवडावा. जादूगार टोनी स्लायडिनी यांनी डिक कॅव्हेट यांच्या अमेरिकन टॉक शोमध्ये कागदाचे गोळे नाहीसे करण्याचा प्रयोग केला होता. त्यात गोळे कुठे जातात ते साऱ्या प्रेक्षकांना दिसत असते, फक्त समोर बसलेल्या माणसाला दिसत नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा इतका सुंदर उपयोग मी दुसऱ्या कोणत्याही प्रयोगात पाहिलेला नाही.

होकारापाठोपाठ क्लिअरन्स विभागाचा अर्ज आला. प्रयोगात कोणत्या वस्तू वापरणार, त्यांवर कोणाचे बोधचिन्ह दिसते, आग किंवा धारदार वस्तू आहे का, सूत्रसंचालकाला काय हातात घ्यावे लागेल, हे प्रश्न वाजवी होते आणि त्यांची उत्तरे मी एका बैठकीत लिहून टाकली. बोधचिन्हाच्या प्रश्नावर थोडी घासाघीस झाली, कारण कंपनीचे नाव पत्त्यांच्या डबीवर तर असतेच, शिवाय इस्पिकच्या एक्क्यावरही असते. इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता तेव्हा तो भरल्याची खूण या एक्क्यावर छापली जाई, आणि कर गेला तरी एक्क्यावरची ती नक्षी आणि कंपनीची ओळख तिथेच राहिली. डबी कॅमेऱ्यापुढे आणणार नाही आणि एक्का टेबलावर उताणा ठेवणार नाही, असे मी लिहून दिले आणि तो मुद्दा मिटला.

मग राहिला शेवटचा रकाना : ‘प्रयोगाचा मूळ निर्माता आणि त्याची लेखी संमती’. हा रकाना असण्यामागे कारण आहे, ते मला मान्य आहे. आजकालचे बरेच जादूगार आपला प्रयोग विकताना तो लग्नसमारंभात, सभागृहात, कुठेही करण्याची मुभा देतात, पण टीव्हीवर दाखवण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवतात. विकत घेतलेल्या प्रयोगाच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट छापलेले असते आणि ते न वाचता कॅमेऱ्यासमोर जाणाऱ्याला त्रास होऊ शकतो. शिवाय २०१४ साली अमेरिकेतल्या एका संघराज्य न्यायालयाने टेलर या जादूगाराच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून वाहिन्यांचे वकील अधिक सावध झाले असतील तर त्यात नवल नाही. जादूच्या युक्तीला कॉपीराइट मिळत नसला तरी तिच्याभोवती रचलेल्या मूकनाट्याला तो मिळतो, असे त्या निकालाचे सार होते.

माझ्या प्रयोगातला शेवटचा टप्पा, म्हणजे सही केलेले पान कपाखाली पोचवण्याची पद्धत, एका हयात जादूगाराची आहे आणि तसे मी अर्जात पहिल्याच ओळीत लिहिले होते. पान वर येण्याचा भाग मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी याच जातीच्या प्रयोगाने खुद्द प्रसिद्ध जादूगार हुदिनीला चकवले होते, त्यालाही आता शंभरेक वर्षे झाली. त्यातली हातचलाखी तर त्याहून जुनी आहे. १९०२ साली एस. डब्ल्यू. अर्डनेस या नावाने पत्त्यांच्या हातचलाखीवर एक पुस्तक निघाले, आणि गंभीरपणे पत्ते हाताळणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्या पुस्तकाशी येऊन पोचतो. मी कोणत्याही गोष्टीचे श्रेय लपवू इच्छित नव्हतो, म्हणून त्या रकान्यात अर्डनेस यांचेही नाव लिहिले.

अर्ज परत आला, आणि त्यावर शेरा होता की अर्डनेस यांचे किंवा त्यांच्या वारसांचे संमतिपत्र जोडावे. मी उत्तरादाखल सविस्तर पत्र लिहिले. अर्डनेस हे टोपणनाव आहे, त्यामागचा खरा माणूस कोण याचा सर्वमान्य उलगडा आजतागायत झालेला नाही, अभ्यासकांनी त्यावर आयुष्ये घालवली आहेत, आणि पुस्तक इतके जुने आहे की त्यावरचे हक्क केव्हाच संपलेले आहेत, असे सगळे त्यात मांडले. त्यावर जे उत्तर आले त्याने माझा संयम सुटायची वेळ आली. लेखक अज्ञात असेल तर प्रकाशकाचे पत्र चालेल, असे त्यात लिहिले होते. ते पुस्तक लेखकाने स्वतःच प्रकाशित केलेले होते! मी तेही कळवले. त्यानंतर कित्येक दिवस काहीच उत्तर आले नाही. चौकशी केली की अर्ज ‘पाहणीत’ आहे एवढेच कळे. ज्या व्यक्तीशी आधीचा पत्रव्यवहार झाला होता तिच्याकडून काम दुसरीकडे गेले होते, आणि नव्या व्यक्तीने पहिल्या पानापासून सगळे प्रश्न पुन्हा विचारले. इकडे निर्माता चित्रीकरणाची तारीख विचारत होता आणि क्लिअरन्सच्या होकाराशिवाय तारीख पक्की करता येत नाही हेही तोच सांगत होता.

हे सांगताना राग येतो त्याचे कारण निव्वळ उशीर हे नाही. जादूगार वर्षानुवर्षे खपून एक हालचाल बसवतो, ती कोणाकडून आली हे आदराने लक्षात ठेवतो, आणि श्रेय देण्याची ही सवय आमच्या व्यवसायातली सर्वांत चांगली सवय आहे. त्या अर्जाच्या रचनेत मात्र श्रेय आणि मालकी यांच्यात भेदच केलेला नव्हता. ज्याने काहीच लिहिले नसते त्याचा अर्ज बहुधा पहिल्या फेरीत पुढे गेला असता, आणि ज्याने प्रामाणिकपणे पूर्वसूरींची नावे लिहिली त्याला मात्र त्यांच्या वारसांचा शोध घ्यायला सांगितले गेले. हा अन्याय आहे, आणि तो अर्ज तयार करणाऱ्यांनी एकदा एखाद्या जादूगाराशी बोलून दुरुस्त करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

गाठ सुटली ती पत्राने नव्हे, प्रत्यक्ष बोलण्याने. निर्मात्याला विनंती करून मी त्या विभागातल्या वरिष्ठ बाईंशी फोनवर बोलणे ठरवून घेतले. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि एकच विचारले : या प्रयोगातल्या कोणत्या भागावर आज हयात असलेला कोणी हक्क सांगू शकेल? मी सांगितले, फक्त कपाच्या टप्प्यावर. त्या म्हणाल्या, मग तेवढेच रकान्यात ठेवा, बाकीचे ‘पारंपरिक तंत्र’ म्हणून वेगळ्या पानावर द्या आणि संवाद व मांडणी तुमची स्वतःची असल्याचे लेखी निवेदन जोडा. मी त्याच दिवशी तसे केले आणि होकार आला. तेव्हा जो सुटकेचा श्वास टाकला तो मला चांगला आठवतो. म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी सुरुवातीलाच तीन वेगळे कागद करावेत : पारंपरिक काय आहे, दुसऱ्या हयात व्यक्तीचे काय आहे आणि स्वतःचे काय आहे. सन्मानाने नावे घ्यायची ती पहिल्या कागदावर घ्यावीत, संमतीच्या रकान्यात घेऊ नयेत.

हयात जादूगाराच्या संमतिपत्राबद्दल एक सूचना इथेच देतो. त्यांनी मला तत्काळ आणि मोठ्या मनाने पत्र दिले, परंतु त्यात फक्त टीव्हीचा उल्लेख होता, म्हणून तेही एकदा परत आले. आता अशा कार्यक्रमांचे तुकडे इंटरनेटवर कायम राहतात, तेव्हा पत्रात टीव्ही, इंटरनेट, पुनःप्रसारण, सर्व देश आणि अमर्याद मुदत हे सगळे शब्द असले पाहिजेत.

कॅमेऱ्याचा भाग त्या मानाने आनंदाचा गेला. टेबलावर जादू करताना लोकांनी कधी कुठे बघायचे ते जादूगार ठरवतो, पण स्टुडिओत ते नियंत्रणकक्षात बसलेला दिग्दर्शक ठरवतो, आणि तो तुमच्या शब्दांवर कान ठेवून कॅमेरे बदलतो. म्हणून वाक्ये पाठ असावीत आणि तालमीत व चित्रीकरणात शब्दाने शब्द तीच असावीत. दिग्दर्शकाला रहस्य सांगण्याची गरज पडत नाही. कोणत्या वाक्याला काय दिसलेच पाहिजे, याची यादी मी त्यांना दिली : सही करतानाचे पान वरच्या कॅमेऱ्यातून, पान कॅटमध्ये जाताना हात आणि चेहरा एकत्र, कप उचलताना टेबल अखंड, मध्ये एकही कट नाही. मार्क विल्सन यांनी १९६० साली टीव्हीवर जादूची मालिका सुरू केली तेव्हा कॅमेऱ्याची कोणतीही करामत वापरत नाही हा विश्वास त्यांनी प्रेक्षकांना दिला होता, आणि तो विश्वास आजही अखंड दृश्यानेच मिळतो. दिग्दर्शकाला अर्थातच चकित झालेले चेहरे हवे असतात. जादूगार डेव्हिड ब्लेन यांच्या १९९७ च्या टीव्ही कार्यक्रमानंतर जादू दाखवताना कॅमेरा प्रेक्षकांकडे वळवण्याची रीत रुळली, आणि ती चांगलीच आहे. फक्त चेहरा पान दिसल्यानंतर यावा, आधी नाही, एवढे मी आग्रहाने मागून घेतले.

घरचा प्रेक्षक तुकडा थांबवून एकेक चौकट बघू शकतो. सेकंदाला पंचवीस-तीस चौकटी असतात, तेव्हा केवळ वेगावर विसंबलेली हालचाल टीव्हीसाठी घेऊ नये, हे प्रयोग निवडतानाच्या परिच्छेदात लिहायला हवे होते, पण आता आठवले.

वेळेबद्दल. बहुतेक रात्रीचे टॉक शो दिवसाच चित्रित होतात, पण थेट प्रसारणासारखे सलग, आणि शेवटच्या पाहुण्याची मिनिटे आधीच्या पाहुण्यांच्या गप्पांत जातात. पी. सी. सरकार यांनी १९५६ साली बीबीसीच्या ‘पॅनोरामा’त मुलीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला, आणि ती उठून उभी राहिलेली दिसण्यापूर्वीच कार्यक्रम आटोपला, मुलीचे काय झाले म्हणून घाबरलेल्या प्रेक्षकांचे फोन बीबीसीकडे खणखणत राहिले. त्यांचे त्याने नावच झाले, पण प्रत्येकाला ते परवडणार नाही. मी प्रयोगाची पूर्ण आणि आखूड अशी दोन रूपे बसवली होती. फ्लोअर मॅनेजरने ऐन वेळी आखूड रूप करायला सांगितले, तेव्हा मधली दोन वळणे सोडून मी सरळ कपाकडे गेलो आणि प्रयोग अधिकच रंगला.

सामान आधीपासून ताब्यात घेतात, याची तयारी ठेवावी. अमेरिकेतल्या रात्रीच्या टॉक शोचे सूत्रसंचालक जॉनी कार्सन स्वतः जादूगार म्हणून सुरुवात केलेले होते. १९७३ साली मनाच्या शक्तीने चमचे वाकवण्याचा दावा करणारे युरी गेलर त्यांच्या कार्यक्रमात आले तेव्हा जादूगार जेम्स रँडी यांच्या सल्ल्याने सामानाला गेलर यांच्या माणसांचा हात लागू दिला नाही, आणि गेलर यांना काहीच करून दाखवता आले नाही. माझ्याबाबत अडचण उलटी होती : माझा कॅट कोणी कुतूहलाने पिसून ठेवला तर? म्हणून तो पाकिटात घालून, पाकिटावर सही करून सामान विभागाकडे दिला आणि दुसरा तसाच कॅट खिशात ठेवला.

माइकचा ट्रान्समीटर कमरेला कुठे लावणार हे आधी विचारून घ्यावे, कारण पत्तेवाल्याला तीच जागा मोकळी लागते. हातांना मेकअप लावू देऊ नये. तो पानांच्या पांढऱ्या कडांवर उमटतो. बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरतो. स्टुडिओ थंड असतो आणि बोटे कोरडी पडतात, तेव्हा तुमची पाळी येईपर्यंत हात उबदार ठेवावेत. सहीसाठी जाड टोकाचे पेन द्यावे, कारण बारीक सही कॅमेऱ्याला वाचता येत नाही, आणि शेवटी तेच पान आहे याचा सगळा पुरावा त्या सहीत असतो.

संमतिपत्र देणाऱ्या त्या ज्येष्ठ जादूगारांना मी प्रसारणाची तारीख आवर्जून कळवली होती. कार्यक्रम पाहून त्यांनी लिहिले की कप उचलण्याआधी सूत्रसंचालकाला स्वतःच्या तोंडाने ‘पान कॅटमध्ये नाही’ असे म्हणू द्यावे, म्हणजे कपाखालचा क्षण दुप्पट मोठा होईल. त्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगात मी तसेच करतो.