हुजूरपागेसमोर

आज भाचीला घेऊन लक्ष्मी रोडला वह्या घ्यायला गेले होते. हुजूरपागेपाशी रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली आणि भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले आठवल्या. त्या याच शाळेच्या. तेव्हा इथे सातवीपर्यंत विज्ञान हा विषयच नव्हता! शिष्यवृत्तीसाठी त्यांनी तो वेगळा शिकून घेतला. पुढे आयआयटी मुंबई, अमेरिकेत स्टोनी ब्रूक विद्यापीठात पीएचडी, १९९५ पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी).

"पण मावशी, त्यांनी शोधलं काय?"

रिक्षातच सांगायला लागले. प्रचंड ऊर्जेचा फोटॉन हा नुसता प्रकाशाचा कण राहत नाही, टक्कर होताना पोटात क्वार्क आणि ग्लुऑन (प्रोटॉनच्या आत असतात ते सूक्ष्म कण) असल्यासारखा वागतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) एकमेकांवर आदळवणारी नवी यंत्रं, म्हणजे कोलायडर, आखताना हे हिशेबात धरावंच लागेल, हे त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्यासोबत दाखवलं. भाचीने कोऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर एक गोल काढला, आत ठिपके दिले आणि विचारलं, "असा?" हो गं, साधारण असाच.

२०१९ ला पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांनी राम रामस्वामींसोबत संपादित केलेलं 'लीलावतीज डॉटर्स' जास्त मोलाचं वाटतं. भारतातल्या स्त्री वैज्ञानिकांच्या कहाण्या एकत्र आल्या त्या त्यात.

२५ ऑक्टोबर २०२४ ला त्या पुण्यातच गेल्या. त्यांचं व्याख्यान प्रत्यक्ष ऐकायचं राहूनच गेलं, ते आज फार लागलं.