वाहाकातील मका आणि रात्रभर मुरलेला चुना

मेक्सिकोतील वाहाका शहर, मोंते अल्बानचे अवशेष आणि तिथले बाजार यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. शिवाय बाजारातील गर्दीने मला इतके हैराण केले, की त्यांचे कौतुक माझ्या हातून नीट होणार नाही. लिहावेसे वाटले ते शहराबाहेर झापोटेक या तिथल्या मूळनिवासी समाजातील एका कुटुंबाकडे आम्ही उतरलो होतो, तेथील स्वयंपाकघराविषयी.

रात्री घरातील आजीबाईंनी मोठ्या पातेल्यात निळसर मक्याचे दाणे, पाणी आणि थोडा चुना घालून ते चुलीवर चढवले आणि दाण्यांची साले पिवळट पडू लागताच पातेले उतरवून झाकून ठेवले. नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर पाणी पडावे, तसा वास घरभर पसरला. सकाळी दाणे पाण्यात चोळताच साले सुटून वर तरंगू लागली. मलाही त्यांनी मूठभर दाणे चोळायला दिले, पण माझ्या संथपणाला कंटाळून लगेच काढून घेतले.

मग दाणे गिरणीत गेले. आजींच्या आईला मात्र पहाटे उठून, गुडघे टेकून ते दगडी पाट्यावर वाटावे लागत. घरभरासाठी तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, करायच्या म्हणजे कित्येक तासांचे काम, आणि ते बाईच्याच वाट्याचे. गिरण्या आल्या आणि बायकांचा दिवसच बदलला. पाटा पाहून ‘जुने ते सोने’ म्हणत हळहळणाऱ्या पर्यटकांना आजींनी एकदा त्यावर वाटायला बसवावे, असे मला राहून राहून वाटले.

चुन्यामुळे पीठ चिकटून येते आणि तोर्तिया थापता येते, एवढे डोळ्यांना दिसते. पण मक्यात जखडलेले नायासिन हे जीवनसत्त्वही त्याच चुन्यामुळे शरीराला मिळते. कोलंबसानंतर मक्याचे बियाणे युरोपात पोहोचले, ही रीत मात्र मागेच राहिली. मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना कातडी सोलवटणारा, पुढे बुद्धिभ्रंश घडवणारा पेलाग्रा जडला. स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल याने 1735 मध्ये त्याचे वर्णन केले, आणि नायासिनच्या अभावाशी त्याचा संबंध पक्का व्हायला 1937 उजाडले. धान्य उचलताना ते रांधणाऱ्यांना काहीच न विचारण्याची किंमत दोन शतके शेतमजुरांनी मोजली, याचा मला अजूनही राग येतो.

उलट बाजूने पाहिले, तर मक्यालाही माणसाने कुठलेच ठेवलेले नाही. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी त्याचा पूर्वज तेओसिंते हे एक गवत होते, ज्याचे टणक कवचातील मोजके दाणे आपोआप गळून रुजत. आजचे कणीस पानांत गुंडाळलेले असते, दाणे सोडत नाही आणि कुणी सोलून पेरल्याशिवाय त्याचा वंश चालत नाही. वाहाकातल्याच मित्ला गावाजवळच्या गिला नाकित्स गुहेत सापडलेली कणसे 6,000 वर्षांहून जुनी आहेत. त्या परिसरातील गुहांना 2010 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आमच्या वाटाड्याने मात्र त्या बसच्या खिडकीतून बोटाने दाखवल्या आणि मेस्काल या तिथल्या दारूच्या दुकानात आम्हाला तासभर बसवून ठेवले.

परतीच्या मुक्कामी हॉटेलने न्याहारीला पाकिटातील पिठाच्या तोर्तिया वाढल्या. त्या पिठालाही चुन्याचा संस्कार झालेला असतो, त्यामुळे पोषणाची तक्रार करता येत नाही. चवीची मात्र मी केली, आणि वाढप्याने आपल्याही घरी अजून गिरणीतूनच पीठ येते, असे हसत सांगितले.