जेसोचा कागद का वळतो, अन् टेक्श्चर किती असावं

आर्ट जर्नलची पानं, भेटकार्डं किंवा फोटोमागचा कागद जेसोने (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या, दाट अस्तराने) करायचा, तर निम्मं काम कागद निवडतानाच होतं. १४० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेच्या वहीतला साधा कागद, नको. ओल्या जेसोने तंतू फुगतात, वाळताना थर आक्रसतो आणि कागदाच्या कडा वर उचलल्या जातात. ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर उत्तम. आयव्हरी कार्ड स्वस्त पडतं, पण त्याच्या तुळतुळीत बाजूवर जेसो नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. त्यावर आधी २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपने प्लायवर चिकटवा. सगळं वाळून टेप काढली, की पाठीमागूनही जेसोचा एक पातळ हात द्या, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते.

तयार जेसो महाग वाटला तर घरी होतो. मापाने एक भाग फेविकॉल, एक भाग पाणी, दोन भाग व्हायटिंग (रंगाच्या दुकानात मिळणारी खडूची पावडर) आणि अर्धा भाग पांढरा अ‍ॅक्रेलिक. पावडर चहाच्या गाळणीतून चाळा, पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग फेविकॉल घाला. सावकाश ढवळा, फेटलंत तर हवा शिरते आणि वाळल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. पावडर जास्त झाली तर थर बोटाला पांढरा लागतो आणि तडकतो. व्हायटिंगऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस घालायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो मनावर घेऊ नका. ते भांड्यातच घट्ट होतं आणि कागद जरा वाकला की मोडतं. घरचा जेसो टिकत नाही, वास मारायच्या आत संपेल एवढाच करा.

ए-फोर कागदाला पहिल्या पातळ हाताला चहाचे दोन चमचे जेसो पुरतो. तो वाळला की टेक्श्चरचा थर, जुन्या एटीएम कार्डाने ओढलेला, साधारण अर्धा मिलिमीटर. त्यावर फणी, लेस, गोणपाटाचा तुकडा, बबल रॅप, काहीही चालतं. पण लगेच नको, तीन-चार मिनिटं थांबा. फणीची रेघ पुन्हा मिटली तर जेसो पातळ आहे, चार चमच्यांना एक चमचा व्हायटिंग आणि दोन-तीन थेंब फेविकॉल वाढवा. लेस दाबून लगेच सरळ वर उचला. वाळेपर्यंत ठेवलीत तर ती तिथलीच होऊन बसते.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली, की मार्चमध्ये रात्रीत वाळणारा थर दोन दिवस घेतो. हेअर ड्रायर जवळून मारला तर वर साय धरते, आत ओल राहते आणि भेगा पडतात. पंखा लांबून चालेल. बोटांची मागची बाजू टेकवून बघा, गार लागलं तर आत पाणी आहे.

आता रंग. काळ्या दगडी भिंतीचा पोत हवा असेल, आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाच्या दगडाचा, तर काळा, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) एकत्र करा. जेसो पाणी झटकन शोषतो, म्हणून त्यावर आधी मॅट मीडियमचा (रंग आणि चमक नसलेल्या अ‍ॅक्रेलिकचा) एक हात देऊन वाळवा. मग रंगाच्या चौपट पाणी आणि थोडं मीडियम घालून सगळीकडे लावा (नुसतं पाणी वाढवलं तर रंगाची पकड जाते). अर्ध्या मिनिटाने ओलसर फडक्याने पुसा. खाचांत रंग राहतो, उंचवटे उजळतात. पूर्ण वाळल्यावर चपट्या ब्रशला फिका करडा लावा, वर्तमानपत्रावर जवळजवळ सगळा पुसा आणि ब्रश आडवा धरून वरच्यावर फिरवा. फक्त उंचवट्यांना रंग लागतो. याच टप्प्यावर हात आवरायचा असतो. निळ्यावर नारिंगी ओलं असताना चढवलं तर चिखल होतो, प्रत्येक थर वाळू द्या.

टेक्श्चर किती, याला माझं उत्तर: कागदाच्या एक तृतीयांशावर, बाकी शांत. नाटकांचे पडदे रंगवून नाव कमावलेले आनंदराव आणि बाबूराव पेंटर कोल्हापूरचेच. पडदा देखणा हवाच, पण पुढ्यातला नट झाकला तर काय उपयोग? जिथे फोटो किंवा मजकूर येणार ती जागा सपाटच ठेवा. खरबरीत भागावर ग्लू स्टिक धरत नाही आणि जेल पेनचं टोक चोंदतं. तिथे अ‍ॅक्रेलिक मार्कर वापरा.

तयार कागद एकावर एक रचताना मध्ये बटर पेपर घाला, प्लास्टिक नको. दमट हवेत अ‍ॅक्रेलिक एकमेकांना चिकटतं आणि सोडवताना रंगासकट थर निघतो. एवढं करूनही कागद वळलाच, तर पाठीवर पाण्याचा हलका फवारा मारा, तोंड खाली करून बटर पेपर आणि घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, वर पाट, त्यावर वजन. थेट टणक फरशीवर दाबलंत तर उंचवटे चेपतात.