नवतपातली टाकी

आमचं काम दुकानांच्या पाट्यांचं, ॲक्रिलिकच्या अक्षरांचं. नागपूरच्या महाल भागातले एक काका आले ते कागदावर मापं लिहूनच: माशांची टाकी, ९०० बाय ४०० बाय ४५० मिलिमीटर. पण वाड्याचा जिना इतका चिंचोळा की तयार टाकी वर चढणारच नाही. म्हणजे शीट कापून न्यायची आणि जोडायची माडीवर. तेही ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत.

"१२ मिलिमीटर? इतकं जाड काहून?" काकांना खर्च दिसत होता. हिशेब सांगितला. पाणी १४० लिटरच्या आसपास आणि एकट्या समोरच्या शीटवर रेटा साधारण ८० किलोचा. लांबी वाढली तर भागतं; उंची वाढली की जाडीला पर्याय नाही.

दुपारी बाहेर ४५ अंश. माडीवर कूलर घरघरत होता, तरी भिंती तापलेल्या. ॲक्रिलिक जोडायला आम्ही एमडीसी, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड हे द्रावक वापरतो. ते डिंकासारखं चिकटवत नाही. पाण्यासारखं पातळ असतं, फटीत आपसूक शिरतं, दोन्ही कडा विरघळवतं आणि उडून जातं. मागे उरतो एकजीव सांधा. अडचण अशी की ते ४० अंशांच्या जरा खालीच उकळतं. आधी कटपिसावर करून पाहिलं. सिरिंजच्या दट्ट्याला हात न लावता सुईतून थेंब उडत होते, सांध्यात फुगेच फुगे. कूलरच्या झोतात धरलं, तर दमट हवेनं सांधा दुधाळ. खिडक्या लावून घ्याव्यात तर त्या वाफेत बसणं म्हणजे जिवाशी खेळ.

"मंग पावसाळ्यात करता का, भाऊ?"

"तेव्हा तर हवाच ओली, काका. पहाटे येतो."

पहाटे चारला कूलर बंद, खिडक्या सताड उघड्या, बाटली माठाच्या पाण्यात. उभ्या शीटखाली बारीक तारा सरकवल्या, सुईनं एमडीसी सोडलं, अर्धा मिनिट थांबून एकेक तार ओढून घेतली. शीट आपल्याच वजनानं खाली बसलं. बॅटरी मारून पाहिलं, एक फुगा नाही! असा सांधा पाहिला की मजुरीत घासाघीस झाली होती हेही विसरायला होतं. उन्हं चढायच्या आत वरची पट्टीही बसली. ती नसेल तर भरल्या टाकीचं पोट पुढे येतं.

काकूंना बजावलं, स्पिरिट किंवा काच पुसायचं औषध लावलं की ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

"मंग पुसू कशानं?"

"साधं पाणी, जुनं धोतर."

काका तोवर पिशवी घेऊन मासे आणायला निघालेले. त्यांना जिन्यातून परत आणलं: आधी सांधे पक्के होऊ द्या, मग आठवडाभर नुसतं पाणी.