नेट गेलंय, म्हणजे नेमकं काय गेलंय?

जून उजाडला की माझा फोन शाळांचा होतो. एरवी दुकानं, दवाखाने, कारखान्यांचे कॅमेरे. जूनमध्ये मात्र क्लार्क, हेडसर आणि संगणकाच्या बाई. वाक्य ठरलेलं, "अण्णा, नेट गेलंय, लगेच या." मी विचारतो, कुठलं गेलंय? पलीकडून वैतागलेला आवाज, "कुठलं म्हणजे? नेट ओ!"

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं, पूर्व भागात माझं छोटं दुकान आहे. बोर्डावर संगणक दुरुस्ती लिहिलंय, पण पोट भरतं वायरी ओढून. काही शाळांची आणि दोन ज्युनिअर कॉलेजांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, माझ्याकडं आहे. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालंय. ते शाळेच्या मीटिंगमध्ये बोललो की लोक चहा मागवतात, म्हणून इथं लिहितो. आपल्या शाळांना बाहेरचं इंटरनेट फारसं कमी पडत नाही. शाळेच्या आतलं नेटवर्कच धड नसतं. लाईन शंभर एमबीपीएस वेगाची घ्यायची का दोनशेची, यावर तासभर चर्चा होते. आतली वायर कुणी टाकली, कधी टाकली, कुठून कुठं गेलीय, हे विचारलं की सगळे शिपाई मामांकडं बघतात.

मी गेलो की आधी एका संगणकावर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडतो आणि तीन पिंग मारतो. पिंग म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर येतंय का बघायचं. पहिला शाळेच्याच राउटरला, बहुतेक ठिकाणी त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. उत्तर आलं तर संगणक ते राउटर हा रस्ता शाबूत आहे. नाही आलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला शिव्या घालून उपयोग नाही, दोष आपल्याच भिंतींच्या आत आहे. दुसरा पिंग ८.८.८.८ ला. तो गुगलचा सगळ्यांसाठी खुला असलेला डीएनएस सर्व्हर, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता काढून देणारा. त्यानं उत्तर दिलं म्हणजे बाहेरची लाईन चालू. तिसरा एखाद्या साईटच्या नावाला. आकड्यांना उत्तर येतंय आणि नाव मात्र सापडत नाही, असं झालं तर डीएनएस अडकलंय. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता बदलला की काम झालं.

यात अवघड काय आहे? नववीच्या पोरींना एका तासात येतं. एका हेडसरांना मी या तीन ओळी छापून लॅबच्या भिंतीवर लावायला दिल्या. त्यांनी लावल्या. माझ्या फेऱ्या निम्म्या झाल्या आणि बिलही निम्मं झालं. घरी यावरून अजून टोमणे ऐकतोय.

बहुतेक वेळा पहिल्याच पिंगला घोडं अडतं. का, ते सांगतो.

पूर्व भागातल्या कितीतरी शाळांच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमाग आहेत. टॉवेल, चादरी विणताना उडणारी बारीक रुई खिडकीतून आत येते आणि जिथं हवा खेचली जाते तिथं जाऊन बसते, म्हणजे संगणकाचा पंखा आणि स्विचच्या बाजूच्या जाळ्या. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, सगळ्या संगणकांच्या वायरी एकत्र जोडणारं खोकं. वर्षभरात एवढा थर होतो की हवा फिरायची बंद होते. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, आणि स्विच कुठं? पत्र्याच्या खोलीत, लाकडी कपाटात, वर कुलूप. चोरी होऊ नये म्हणून. साध्या स्विचच्या खोक्यावर बहुतेक चाळीस अंशांपर्यंतच चालवा असं छापलेलं असतं. बंद कपाटात किती होत असेल, हात लावला की कळतं. किल्ली ज्यांच्याकडं असते ते त्या दिवशी हमखास अक्कलकोटला गेलेले असतात.

मग वळीव. जुनी इमारत आणि नवी इमारत यांच्यामध्ये मैदान, आणि मैदानावरून झाडाला बांधून नेलेली लॅन केबल. मे महिन्यात एक वीज आसपास कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट (वायर खोवायच्या जागा) जळतात, कधी कधी संगणकाचं लॅन कार्डही जातं. वीज वायरवरच पडायला हवी असं नाही, जवळ पडली तरी तांब्याच्या लांब तारेत दणका तयार होतो. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, तो फरकही त्याच वायरनं जोडला जातो. म्हणून दोन इमारतींमध्ये फायबर टाकायची. फायबर काचेची, तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन्ही टोकांना विजेचा संदेश प्रकाशात आणि उलट बदलणारा एकेक मीडिया कन्व्हर्टर लावला की झालं. फक्त त्या फायबरला आधाराची लोखंडी तार नसावी, ती असली तर मूळ हेतूच गेला. तांब्याच्या केबलला शंभर मीटरची मर्यादाही आहे. मैदान ओलांडून, जिना चढून लॅबपर्यंत जाईतो ती बऱ्याचदा संपलेली असते.

आणि केबल तरी तांब्याची असते का? ३०५ मीटरचं खोकं स्वस्तात मिळालं की समजायचं, आत ॲल्युमिनियम आहे आणि वर तांब्याचा मुलामा. वर कॅट सिक्स हा केबलचा दर्जा छापलेलाच असतो, छापायला काय जातंय. ब्लेडनं तार खरवडा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर खोकं परत करा. ती तार दोन-चारदा वाकवली की तुटते. आठातली एखादी तुटली तर गंमत अशी की बऱ्याचदा नेट बंद पडत नाही, नुसतं हळू होतं. एक हजार एमबीपीएसला आठही तारा लागतात, शंभरला त्यातल्या ठरावीक चारच पुरतात. त्या चार शाबूत राहिल्या तर स्विच निमूटपणे शंभरवर उतरतो आणि बाई म्हणतात, "हल्ली नेट स्लो झालंय, प्लॅन वाढवायला सांगा सरांना." प्लॅन वाढतो. वेग तसाच. कंपनी खूश.

आता हिशेबाचं बोलू. एका शाळेत चाळीस संगणकांची लॅब आहे, लाईन शंभर एमबीपीएसची. बाईंनी सांगितलं, सगळ्यांनी पचनसंस्थेचा व्हिडिओ लावा. चाळीस जण एकदम. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच एमबीपीएस, तेही कागदावर. त्याच वेळी ऑफिसात क्लार्क यूडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरत असतात आणि स्टाफरूममध्ये चार मोबाईल आपोआप अपडेट होत असतात. व्हिडिओ गोल गोल फिरतो, पोरं दंगा करतात, तास संपतो. एकच व्हिडिओ चाळीस वेळा बाहेरून आणायची गरज काय? आदल्या रात्री एकदाच उतरवून शाळेतल्या एका संगणकावर ठेवा. तिथून तो लॅबमध्ये हजारच्या वेगानं फिरेल, बाहेरची लाईन तुटलेली असली तरी.

हे मी त्या शाळेत केलं. ऑफिसातून निकाली काढलेला एक जुना डेस्कटॉप घेतला, नवी हार्डडिस्क बसवली, विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. त्यावर कोलिब्री आणि किविक्स ही दोन मोफत सॉफ्टवेअरं बसवली. कोलिब्रीत धडे, व्हिडिओ, सराव असं साहित्य शाळेतच साठवता येतं, आणि मुलांची प्रगतीही तिथंच नोंदली जाते. किविक्सनं आख्खा विकिपीडिया एका फाईलमध्ये मिळतो. इंग्रजीचा चित्रांसकट सुमारे शंभर जीबीचा आहे, मराठीचा पेनड्राइव्हवर मावतो. लॅबमधल्या कुठल्याही संगणकावर ब्राउजर उघडून त्या डेस्कटॉपचा पत्ता टाकायचा, बस. पोरांना ते इंटरनेटच वाटतं. मी त्यांचा गैरसमज दूर करतो, कारण तिथूनच पुढचे प्रश्न सुरू होतात.

मराठीसोबत मी तेलुगू आणि कन्नडचीही फाईल टाकली होती, जागा उरली होती म्हणून. आमच्या भागात वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात. मराठी माध्यमातल्या बऱ्याच जणांना तेलुगू बोलता येतं, लिपी मात्र वाचता येत नाही. आठवीतल्या एका मुलीनं तेलुगूत हातमागाचं पान उघडलं, फोटो ओळखले आणि अडली. दुसऱ्या दिवशी बाईंकडून त्याची प्रिंट मागून घेऊन गेली, म्हणाली, ताता (आजोबा) वाचतील. आठवड्यानं आली ती स्वतःच्या नावाची तेलुगू अक्षरं गिरवूनच. बाई मला म्हणाल्या, हे अभ्यासक्रमात कुठं दाखवू? मी म्हटलं, मी वायरवाला, मला काय विचारता.

शनिवारी दुपारी मी दोन-तीन शाळांत पोरांना क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणं, शिकवतो. फुकट. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम पाढ्यासारखा म्हणायला लावतो. आरजे-४५ हा प्लग दाबून बसवला, टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागले की वर्गात आरडाओरडा. एकाची तिसरी आणि सहावी तार उलटी बसली होती, त्याला शेजारचा म्हणतो, "काय बे, हिरवा कुठं घातलास?" एवढ्या तत्परतेनं चुका शोधताना मी यांना गणितात बघितलेलं नाही.

मध्येच गोष्टी सांगतो. त्यांना सगळ्यात आवडते ती २९ ऑक्टोबर १९६९ ची. लॉस एंजेलिसमधलं विद्यापीठ आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, या दोन ठिकाणचे संगणक जोडायचे होते. इकडून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी 'लॉगिन' हा शब्द एकेक अक्षर टाईप करत होता. एल गेलं. ओ गेलं. आणि पलीकडची सिस्टिम बसली. तासाभरानं पुन्हा जमलं. हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "म्हणजे काका, पहिल्याच दिवशी नेट गेलं होय?"

होय. पण त्यांनी दुरुस्तीला बाहेरच्या कुणाला बोलावलं नाही. नेटवर्क तेच चालवत होते, दुरुस्तही त्यांनीच केलं. आपल्याकडंही नेट आधी शिक्षणसंस्थांत आलं. १९८६ मध्ये एर्नेट सुरू झालं ते आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, मुंबईची एनसीएसटी अशा संस्था जोडायला. सामान्य माणसाला तेव्हाच्या सरकारी व्हीएसएनएल कंपनीनं इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे नऊ वर्षांनी. जी गोष्ट पहिल्यांदा विद्यार्थी आणि मास्तरांनी चालवली, तिचं आज शाळा नुसतं गिऱ्हाईक आहे. महिन्याचं बिल भरायचं आणि बंद पडलं की अण्णाला बोलवायचं. मला यातच खटकतं.

आमच्याच जिल्ह्यातलं उलट उदाहरण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. आता राज्यभरच्या पुस्तकांत ते चौकोन दिसतात. पण चौकोनात धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. पत्त्यावर जायला रस्ता हवा. सरकारच्या दीक्षा या अभ्यासाच्या ॲपमध्ये धडा आधी उतरवून ठेवायची सोय आहे, ती किती जण वापरतात? मी विचारतो तेव्हा शिक्षकच म्हणतात, असं असतं होय.

परवा एका संस्थेच्या मीटिंगला बोलावलं होतं. त्यांना प्रत्येक वर्गात स्मार्ट टीव्ही आणि सगळीकडं वायफाय पाहिजे. वायर नको, भिंती खराब दिसतात. इमारत जुनी, दगडी, भिंती हातभर जाड. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, एक, सहा आणि अकरा. बारा वर्गांत बारा खोकी लावली तर ती एकमेकांवरच ओरडणार. ५ गिगाहर्ट्झला चॅनेल भरपूर, पण ते त्या दगडातून पलीकडं जाईतो दम तोडतं. मी सांगितलं, प्रत्येक वर्गापर्यंत चांगल्या तांब्याची केबल ओढा, टीव्ही त्यालाच जोडा, वायफाय त्याच केबलवर जिथं लागेल तिथं देऊ. खर्च एकदाच, वीस वर्षं बघायला नको. अध्यक्षांनी विचारलं, उद्घाटनाला दाखवायला काय राहील मग? खरं सांगायचं तर भिंतीतली केबल दाखवता येत नाही. शेवटी तळमजल्यावर केबल आणि वरच्या मजल्यावर त्यांचं वायफाय, अशी तडजोड झाली. तुलना तरी होईल.

तळमजल्याचं काम दिवाळीच्या सुट्टीत धरलंय, मदतीला दहावीची चार पोरं येणार आहेत. कुणाच्या ऑफिसात आठ किंवा सोळा पोर्टचा चालू गिगाबिट स्विच पडून असेल तर त्यांच्यासाठी द्या. शंभरवाला नको, ते माझ्याकडं पोत्यानं आहेत.