परत लाईनवर

काल सकाळी बाबा सांबारवडी खात खात माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावले आणि म्हणाले, "हे काय बघून राहिला बे, नुसते एकमेकांच्या अंगावर पडून राहिले." म्हटलं अमेरिकन फुटबॉल आहे, जुनी मॅच. "मंग बॉलले पाय कोण लावून राहिलं?" हा प्रश्न मला नागपुरात आजवर इतक्या जणांनी विचारलाय की मी आता उत्तर द्यायचं सोडलंय.

मला हा नाद लागला तो मिहानमधल्या नाईट शिफ्टमुळे. एक क्लायंट डेट्रॉईटचा होता, सोमवारच्या कॉलवर कामाचं बोलायच्या आधी दहा मिनिटं त्यांची टीम लायन्स कशी हरली त्याचं रडगाणं. एकदा म्हणाला, हे तर काहीच नाही, 2008 बघ. बघितलं. 16 मॅच, 16 हार. 16 मॅचच्या सीझनमध्ये एकही न जिंकणारी एनएफएलमधली, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगमधली, पहिली टीम. आता अशा टीमचा कोच पुढे काय करत असेल या उत्सुकतेपोटी शोधायला गेलो आणि रॉड मारिनेली सापडला, तेव्हापासून या माणसानं डोक्यात घरच केलंय.

कारण हा मुळात हेडकोच नव्हताच, हा डिफेन्सिव्ह लाईनचा मास्तर. बॉलच्या पुढ्यात हात जमिनीला टेकवून धिप्पाड गडी वाकलेले असतात ना, बहुतेक वेळा चार, ते याचे पोट्टे. समोर पाच तितकेच जाडजूड गडी आणि त्यांच्या मागे क्वार्टरबॅक, जो साधारण तीन सेकंदात बॉल फेकून मोकळा होतो. त्या तीन सेकंदात समोरच्याला ओलांडून त्याच्यापर्यंत पोचायचं, एवढंच काम, आणि ते कसं पोचायचं हे शिकवण्यात लाईन कोचचं अख्खं आयुष्य जातं. क्वार्टरबॅक आवाजानं फसवतो, म्हणून कान बंद आणि नजर बॉलवर, बॉल हलला की सुटायचं. समोरच्याचे हात छातीवर बसायच्या आत झटकायचे, मग खालून खांदा घालून घुसायचं म्हणजे रिप, वरून हात फिरवून निसटायचं म्हणजे स्विम, आणि काहीच जमलं नाही तर सरळ रेटत न्यायचं, बुल रश. पावलं, हात, कंबर, रोज तेच. टीव्हीवर यातलं निम्मंही दिसत नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागे.

मारिनेली 1949 चा, कॅलिफोर्नियातला, व्हिएतनामला सैन्यात जाऊन आलेला. 1973 ला एका हायस्कूलपासून कोचिंग सुरू केलं, मग कॉलेजमागून कॉलेज, आणि एनएफएलची पहिली नोकरी 1996 ला, टँपा बेमध्ये. म्हणजे तेवीस वर्षं नुसती उमेदवारी! तिथे हेडकोच टोनी डंजीची जी डिफेन्स होती तिच्यात चौघंच पुढे घुसणार आणि बाकीचे सात मागे थांबून पास अडवणार, म्हणजे ते चार जण वेळेत पोचले नाहीत तर सगळंच मुसळ केरात. पण पोचायचे. त्या लाईनीतला वॉरन सॅप 1999 ला लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला, पुढच्या वर्षी 16.5 सॅक, म्हणजे इतक्यांदा क्वार्टरबॅकला बॉलसकट लोळवलं (दोघांनी मिळून पाडलं की अर्धा अर्धा, म्हणून ते पॉईंट पाच). 2002 च्या सीझनचा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, टँपानं रेडर्स नावाच्या टीमला 48-21 हरवून जिंकला. त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, क्वार्टरबॅक रिच गॅनन समोर होता, त्याला पाच वेळा पाडलं आणि त्याचे पाच पास पळवले. काल बाबांनी बघितली ती हीच मॅच.

मग 2006 ला डेट्रॉईटनं उचलून हेडकोच केलं. पहिल्या वर्षी 3-13 (3 जिंकल्या, 13 हरल्या), दुसऱ्या वर्षी पहिल्या आठपैकी सहा जिंकून शेवटी 7-9, आणि तिसऱ्या वर्षी तो शून्याचा पाढा. वर त्याचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे अख्खी डिफेन्स सांभाळणारा कोच, कोण, तर सख्खा जावई, जो बॅरी. टीमनं 517 पॉईंट खाल्ले. शेवटी एका पत्रकारानं भर पत्रकार परिषदेत विचारलंच की तुमच्या मुलीनं जरा बरा कोऑर्डिनेटर बघून लग्न करायला नको होतं का. आपल्याकडे असं विचारलं असतं तर मांडवच पेटला असता. सीझन संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली.

आणि इथून पुढचं मला जास्त आवडतं. 2009 ला हा शिकागोमध्ये परत लाईन कोच. वर्षभरात कोऑर्डिनेटर झाला. 2013 ला डॅलसला गेला तो परत लाईन कोच म्हणून, पुढच्याच वर्षी परत कोऑर्डिनेटर, तिथं डिमार्कस लॉरेन्सनं 2017 ला 14.5 सॅक मारले. 2020 ला रेडर्सकडे, सत्तरी ओलांडलेली, आणि हुद्दा काय तर लाईन कोच! मॅक्स क्रॉसबीसारख्या विशीतल्या पोरांना तेच, नजर बॉलवर, हात झटक.

हे मी बाबांना मुद्दाम सांगितलं. बाबा गणिताचे मास्तर, मध्ये दोन वर्षं शाळेनं त्यांना प्रभारी मुख्याध्यापक केलं होतं, ते सोडून परत नववी ब ला भूमिती शिकवायला लागले तेव्हा मोहल्ल्यात काय काय बोलले लोक, सरांना झेपलं नाही, सरांना उतरवलं. मी सातवीत होतो, मलाही लाजच वाटली होती, खोटं कशाला बोलू. बाबांच्या हाताखाली शिकलेले मात्र आजही सांगतात की साध्य बरोबर आणलं पण सिद्धतेत कंसातलं कारण लिहिलं नाही तर सर मार्क कापायचे. मारिनेलीचंही तसंच, मॅचची फिल्म बघताना बॉल लांब गेला म्हणून जो खेळाडू पळायचा थांबला त्याची नोंद होणारच, मग टीम जिंकलेली का असेना. हे सांगितल्यावर बाबा पहिल्यांदा नीट खुर्ची ओढून बसले.

"परत एकदा लाव तं ते," म्हणाले. सॅपचं एक पाडणं तीनदा बघितलं. मला वाटलं आता मुख्याध्यापकीचा विषय निघेल. तो नाही निघाला.

"अन् त्या जावयाचं काय झालं पुढं?"

म्हटलं, 2008 ची ती सोळावी मॅच ज्यांनी हरवली ना, पॅकर्स, त्यांनीच त्याला 2021 ला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून घेतलं.

बाबांना इतकं हसू आलं की वडी घशात अडकली आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, काय बघून राहिले रे तुम्ही दोघं.